सातव्या प्रकरणातला पूर

नदीबद्दल कुणी काही बोललं की लुब्बर्ट आधी त्याची चूक दुरुस्त करायचा आणि मग हालहवाल विचारायचा. वाल नदीकाठच्या ओस्टरवेर्ड गावात त्याने बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर अकरा वर्षं खपून नदीने पात्र कसं बदललं, बांध कुठे फुटले, पाच खेड्यांची एक नगरपालिका कशी झाली, याचा साडेचारशे पानी ग्रंथ लिहिला. त्याचा जीव होता सातव्या प्रकरणात. चर्चच्या भिंतीतल्या दगडावर जुन्या पुराची रेघ आहे, माणसाच्या छातीइतकी उंच. त्यावरून चर्चच्या उंचवट्यावरही पाणी छातीभर चढलं होतं असं त्याने सिद्ध केलं होतं, आणि न मानणाऱ्यांना 'कोरड्या पायांचे विद्वान' म्हटलं होतं.

आज चर्चमध्ये ग्रंथाच्या प्रकाशनात नगराध्यक्षबाई पहिली प्रत स्वीकारणार होत्या. 'माझं यात काहीच नाही, सगळं नदीचं' हे वाक्य लुब्बर्टने आरशासमोर चार दिवस घोटलं होतं.

कार्यक्रमाआधी कॉफी आणि माणशी एक बिस्किट होतं. नव्वदीचा गवंडी दिर्क त्याच्याजवळ सरकला.

"मास्तर, तो पुराचा दगड मीच बसवलाय हं."

"तू?"

"भिंत दुरुस्त केली तेव्हा. आधी गुडघ्याशी होता. कुत्री यायची अन् तंगडी वर करायची. पाद्रीबुवा म्हणाले, घे जरा वर. घेतला."

लुब्बर्टने अर्धं बिस्किट बशीत परत ठेवलं. म्हणजे त्याचा महापूर कुत्र्यांच्या कृपेने मीटरभर चढला होता! गप्प राहिलं तर? दिर्कचं वय झालंय, असे किती दिवस... हा विचार आपल्याला सुचला, याने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नगराध्यक्षबाईंनी हात पुढे केला तेव्हा त्याने प्रत छातीशी धरली.

"थांबा. सातवं प्रकरण चुकलंय." त्याने सगळं सांगितलं, कुत्र्यांसकट.

सगळं चर्च हसलं. बेकरीवाली खेसिया ओरडली, "अहो मास्तर, हे तर सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"मग अकरा वर्षांत एकानेही मला सांगू नये?"

पहिल्या रांगेतून त्याची बायको अल्बर्टा म्हणाली, "दिर्क दोनदा घरी आला होता रे. दोन्ही वेळा तूच त्याला पूर समजावून सांगितलास."

लुब्बर्टने दिर्कला पुराची गोष्ट सांगायला पुढे बोलावलं, आपली खुर्ची दिली आणि स्वतः अल्बर्टाशेजारी बसला.

दिर्कने पहिल्याच वाक्यात पुराचं साल चुकवलं. लुब्बर्टचं तोंड उघडलं. अल्बर्टाने डोळे मिटले.

"मग?" लुब्बर्टने विचारलं. "पुढे काय झालं?"