सात नंबरच्या काचेवरचा संशय

मी एक जुनी खिडकीची काच आहे, मित्रांनो, आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. त्याला कारण आहे. लोक माझ्यातून पलीकडे पाहतात, माझ्याकडे कोणी पाहत नाही, आणि तरीही माझ्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं.

माझा जन्म सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका भट्टीत झाला. कारागिराने नळीतून फुंकर मारून तापलेल्या काचेचा लांब पोकळ दंडगोल केला, तो उभा चिरला, पुन्हा तापवून सपाट केला आणि त्याचे तुकडे कापले. माणसाच्या फुंकरीचं काम ते! कुठे जाड झालं, कुठे पातळ, कुठे एखादा बुडबुडा राहून गेला. पुढे अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात एका लाकडी घराच्या खिडकीत एका सुताराने मला बसवलं. त्याची जेवायची वेळ झाली होती. माझी कुठली कड जाड आहे हे त्याने पाहिलंही नाही, पुट्टी लावली आणि तो गेला. माझी जाड कड वर आली.

आता ते घर संग्रहालय आहे. शनिवारी पाहुणे येतात, आणि मी कान टवकारून ऐकते. "त्या काळची माणसं बुटकी होती, पलंग बघा केवढासा!" असं कोणीतरी हमखास म्हणतं. त्या पलंगावर झोपणारे मालक मी पाहिलेत. ते दारातून वाकून आत येत. पलंगाचे कठडे उंच आहेत म्हणून तो आखूड दिसतो, एवढंच. पण काचेला विचारतो कोण?

माझ्याबद्दलची थाप तर याहून मोठी. म्हणे काच हा द्रव आहे, फार हळू वाहतो, म्हणून जुन्या काचा खालच्या बाजूला जाड होतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच घाबरले. कित्येक वर्षं मी स्वतःवर पाळत ठेवली. तसूभरही ओघळले नव्हते.

या वसंतात खिडकीची दुरुस्ती निघाली. प्रताप हा मूळचा पुण्याचा, एरवी संगणकावर काम करणारा, शनिवारी इथे हौसेने राबणारा. त्याने आम्हा बाराही काचांना काढलं, प्रत्येकीच्या वरच्या कडेला निळी पट्टी लावून नंबर टाकला आणि टेबलावर मांडलं. मी सात नंबर. मदतीला त्याने शेजारच्या शैलाबाईंना आणलं होतं. त्यांनी नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि आता सहा महिन्यांसाठी त्या मुलाकडे आल्या होत्या. सोबत त्यांची दहा वर्षांची नात आन्या होती.

शैलाबाईंनी पर्समधून स्क्रूगेज काढला. पातळ वस्तूची जाडी मोजायचं हे लहानसं यंत्र त्यांना निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेने भेट दिलं होतं. आधी त्यांनी तो पूर्ण मिटवला.

"मिटल्यावर शून्य दाखवायला हवं," त्यांनी आन्याला सांगितलं. "नाही दाखवलं तर ती त्याची स्वतःची चूक. शून्य त्रुटी. दुसऱ्याला मोजण्याआधी ती बघायची."

बाई मला आवडल्या. पण माझं आवडणं फार टिकलं नाही.

हाताला लागतील तशा घेतलेल्या पहिल्या तीन काचा खाली जाड निघाल्या. बाईंचा चेहरा खुलला. मग माझी पाळी आली. माझी वरची कड जाड! त्यांनी भुवया चढवल्या, पुन्हा मोजलं.

"प्रताप, ही नंतर कोणीतरी बदललेली दिसते. जुनी असती तर खाली जाड असती. मी मुलांना दर वर्षी हेच सांगायचे."

"शुअर ना, काकू? मग डिस्कार्ड करतो. नवीन ऑर्डर करावीच लागणार होती एक." त्याने माझ्यावर लाल पट्टी चिकटवली आणि मला फुटक्या काचांच्या खोक्यात उभं केलं. दुपारी जाताना तो खोका टाकून देणार होता. एकशे चाळीस वर्षं ऊनपाऊस झेलला, आणि मी खोटी! मला रडू येत होतं, पण काचेला तेही जमत नाही.

पुढच्या काचा आन्याने मोजायला घेतल्या. तिने चारही कडा मोजल्या.

"फक्त वर आणि खाली मोज गं," बाई म्हणाल्या.

"व्हाय?" आन्या म्हणाली. "आजी, नंबर नाइन लेफ्टला जाड आहे. डज ग्लास फ्लो साइडवेज?"

बाईंनी स्क्रूगेज हातात घेतला, मिटवून शून्य पाहिलं, आणि अकरा काचांच्या चारही कडा मोजल्या. मग खोक्यापाशी आल्या आणि मलाही बाहेर काढलं. हिशेब असा निघाला: पाच काचा खाली जाड, तीन वर, चार बाजूला.

त्यांनी मला आणि आठ नंबरला शेजारी शेजारी उजेडात धरलं. दोघींत तीच लाट, तसेच बुडबुडे.

"मग ही ओरिजिनल आहे का, काकू?" प्रतापने विचारलं.

"ते मी शपथेवर नाही सांगणार. पण खोटी म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. ती पट्टी काढ, आणि हिला होती तशीच बसव. जाड कड वर." मग त्या म्हणाल्या, "गेजची त्रुटी रोज बघितली रे. माझी स्वतःची कधी बघितली नाही."

मला चौकटीत बसवून झाल्यावर त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि फोनवर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपला निरोप बोलल्या. "मुलांनो, मी तुम्हाला शिकवलं होतं की काच वाहते. ते चूक होतं. मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. मला माफ करा." आन्या त्यांच्या मांडीला टेकून उभी होती.

पहिलं उत्तर भंडाऱ्याहून आलं. राजाराम नावाच्या विद्यार्थ्याचं होतं, बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "मॅडम, मीही आता शिक्षक आहे. अकरा वर्षं मी माझ्या वर्गाला हेच सांगतोय. सोमवारी आधी हे दुरुस्त करतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

मित्रांनो, माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या. मी रागावणार नाही. पण मला खोक्यात टाकण्याआधी माझ्या चारही कडा मोजा, आणि त्याआधी स्वतःचं शून्य तपासा. मी तर अजून सावध आहे. येत्या शनिवारी प्रताप पाहुण्यांना त्या पलंगाबद्दल काय सांगतो, तिकडे माझे कान आहेत.