मागल्या दारची पंगत

रविवार होता. कुरवंड्याच्या कातकरवाडीतल्या कोंडूने सकाळीच ओढ्यावर जाऊन सदरा धुतला आणि तो वाळेपर्यंत उघडाच दारात बसून राहिला. त्याची बायको चिमाबाई दोनदा येऊन विचारून गेली.

"खरंच मला बी बोलावलंय?"

"दत्तोबानं दोन डाव सांगितलंय. चिमाबाईला आणल्याबगार येऊ नगंस म्हनला."

"हाटेलात बायका जात्यात व्हय?"

"त्याच्या मेव्हण्याचं हाटेल हाय. घरच्यासारकंच."

चिमाबाई हसली. "त्याच्या घरी तू कदी गेलास, तवा तुला घरच्यासारकं म्हाईत?"

सदरा वाळला का ते पाहायला कोंडू उठला.

सन एकोणीसशे एकसष्टची ही गोष्ट. मळवली ते लोणावळा या टप्प्यात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये कोंडू सहा वर्षे हंगामी कामावर होता. आता त्याचे नाव पक्क्या नोकरीच्या यादीत आले होते. येत्या गुरुवारी रेल्वेचा डॉक्टर त्याचे डोळे, छाती, हातपाय तपासणार होता. तेवढे पार पडले की कोंडू कायम झाला असता. कातकरवाडीत आजवर कुणाला पक्की नोकरी लागली नव्हती.

दत्तोबा त्याच गँगमधला, मळवलीचा शेतकरी मराठा. एकच रूळ दोघांनी खांद्याला खांदा लावून वाहिला होता, एकाच डब्यातले पाणी प्याले होते. पण हे सगळे लाइनीवर. दत्तोबाच्या घराचा उंबरा कोंडूने ओलांडला नव्हता. दत्तोबाची आई अंबूबाई कातकऱ्याला अंगणाच्या आत येऊ देत नसे, आणि दत्तोबाने तिला कधी विचारलेही नव्हते.

मित्राला पक्क्या नोकरीची बातमी आली, तेव्हा त्याला जेवू घालावे असे दत्तोबाला मनापासून वाटले. घरी बोलावण्याची छाती नव्हती. त्याच सुमारास त्याच्या बायकोचा, नंदाबाईचा भाऊ रखमाजी याने इंदुरीहून येऊन लोणावळ्याच्या बाजारात हॉटेल थाटले होते. हॉटेल सगळ्यांना उघडे असते, तिथे दारात कुणाची आई बसलेली नसते, असा विचार दत्तोबाने केला. कोण कोण येणार हे मात्र त्याने रखमाजीला सांगितले नाही.

दिवेलागणीच्या वेळी कोंडू आणि चिमाबाई बाजारात पोचली, तेव्हा दत्तोबा हॉटेलसमोर त्यांची वाट पाहत उभा होता. हॉटेलच्या दारावर झेंडूचे तोरण होते, पाटीच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. गँगमधला तिसरा गडी श्रीपती आधीच आत जाऊन टेबल धरून बसला होता.

"या दाजी, या!" रखमाजी गल्ल्यावरून उठला. मग त्याची नजर दत्तोबाच्या मागे, चिमाबाईच्या अनवाणी पायांवर गेली. "हे कोन?"

"आमच्या गँगचा कोंडू. आन त्याची मालकीन."

रखमाजीने दत्तोबाला दंडाला धरून बाजूला घेतले. "कातकरी न्हवं? दाजी, दुकान उगडून आठ दिस न्हाई झालं. गिऱ्हाईक उठून जाईल माजं. मागल्या दारी बसवा. पानं धाडतो. त्यांची कपबशी बी येगळी हाय, खिळ्याला टांगल्याली."

"पन रखमाजी, मी त्याला जेवायला बोलावलंय."

"मग तुमच्या घरी का न्हाई बोलावलं?"

दत्तोबा परत आला तो मान खाली घालून. "कोंडू, आत लय उकडतंय गड्या. मागं वारं हाय. तितं बसा तुमी, आमी आलोच."

मार्गशीर्षातली थंडी पडली होती.

"घरी जाऊ," चिमाबाई पुटपुटली.

"नगं," कोंडू म्हणाला. "त्याला वाईट वाटंल."

मागे सरपणाचा ढीग होता आणि त्याला लागून भांडी घासायची मोरी. वाढप्याने लांबूनच दोन पत्रावळी टाकल्या, वरून गार भाकरी आणि रस्सा. रश्श्यात फोड नव्हती, नुसता तिखटाचा तवंग.

आत पितळी थाळ्यांत मटण आले. दत्तोबाचा हात चालेना.

"खा की," श्रीपती म्हणाला. "त्यो मागं खातोय, तू म्होरं खा. चूल तर येकच हाय."

दत्तोबा जेवू लागला.

तिसऱ्या घासाला चिमाबाईला ठसका लागला. कोंडूने हाक मारली, "पानी!" वाढप्या दारात डोकावून "येतो" म्हणाला आणि गेला. खिळ्यावरचा कप कोरडा होता. कोंडूने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. ती आत ऐकू गेली. चिमाबाईचे डोळे पांढरे झाले, श्वास अडकला. मग कोंडू उठला, स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने ओट्यावरचा ग्लास रांजणात बुडवला.

पाणी चिमाबाईच्या घशाखाली उतरले तोच आचारी ओरडला, "रांजन बाटवला! कातकऱ्यानं रांजन बाटवला!"

रखमाजी सरपणातले बाभळीचे लाकूड उचलून धावला. पहिला फटका कोंडूच्या पाठीत बसला. तो गुडघ्यावर आला. दोन गिऱ्हाइके जेवता जेवता उठून आली आणि त्यांनी त्याला लाथा घातल्या. चिमाबाई मध्ये पडली, तर एकाने तिचे केस धरून तिला मोरीच्या कडेवर आदळले. तिची भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरले.

कोंडू मार चुकवत नव्हता. तो नुसता उजवा हात पोटाखाली दडपत होता. "पाटीवर मारा, मालक! हातावर नगा! बेस्तरवारी डाक्टर बगनार हाय! हातावर नगा मारू!"

ते ऐकले आणि रखमाजीने त्याचा हात ओढून बाहेर काढला. "ह्याच हातानं घातलास ना गलास?" मनगटाखाली ओंडका घेतला, कोपरावर पाय दिला आणि वरून लाकूड घातले. एकदा. मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज आतल्या टेबलांपर्यंत गेला.

दत्तोबा दारात उभा होता. बोटांना रस्सा लागलेला. पहिल्या फटक्याला तो तिथे होता, दुसऱ्याला होता, हात ओढला तेव्हाही होता.

"दत्तोबाभाऊ!" चिमाबाई किंचाळली.

तेव्हा कुठे तो धावला. त्याने रखमाजीला ढकलले. रखमाजी सावरला आणि त्याच लाकडाने त्याने स्वतःचा नवा रांजण फोडला. पाण्याचा लोंढा रक्तात मिसळून मोरीकडे वाहिला. श्रीपती पुढच्या दाराने केव्हाच निघून गेला होता.

या हाताने रूळ उचलणे होणार नाही, असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी सांगितले.

सोमवारचा सगळा दिवस दत्तोबाच्या घरात चूल पेटली नाही. "भावाइरुद्ध चौकीवर अंगठा दिला तर मी इंदुरीला निगून जाईन," नंदाबाई म्हणाली. अंबूबाई म्हणाली, "कातकऱ्यापायी सोयरिक तोडतोस?" मंगळवारी सकाळी दत्तोबा चौकीवर गेला.

कोंडू दारू पिऊन चोरीसाठी आत शिरला आणि घसरून पडला, असा जबाब रखमाजीने आधीच दिला होता. आपण काही पाहिले नाही, असे श्रीपती सांगून गेला होता. बाकावर कोंडू गळ्यात हात बांधून बसला होता, शेजारी चिमाबाई.

दत्तोबाने सगळे सांगितले. हवालदाराने लिहिले आणि शाईची डबी पुढे केली.

"वाचून दावा आदी."

हवालदाराने वाचले.

"ह्यात माजं न्हाई आलं," दत्तोबा म्हणाला. "त्यास्नी मागं बसवलं ते मी. खोटं बोलून बसवलं. हात मोडला तवर दारात उबा हुतो. लिवा."

"अरे, तू साक्षीदार आहेस. आरोपी नाहीस."

"लिवून हात जुडतोय व्हय, भाऊ?" बाकावरून चिमाबाईने विचारले.

"न्हाई जुडत." दत्तोबाने तिच्याकडे पाहिले. कोंडूने मात्र भिंतीकडे केलेले तोंड वळवले नाही. "पन ते लिवल्याबगार मी अंगठा देनार न्हाई."

हवालदाराने सुस्कारा टाकून टाक पुन्हा दौतीत बुडवला. "बरं, सांग. बाई पाण्यासाठी तडफडत होती, हा हाका मारत होता. तेव्हा तू काय करत होतास?"

"जेवत हुतो, सायेब."