सगुणाबाईनं ओ दिली नाही

दिवेलागणीला कातळवाडीत दोन गोष्टी ठरलेल्या. म्हशी हंबरणार, आणि पोलीसपाटील बहिरू सगुणाबाईच्या अंगणात उभा राहून हाक मारणार.

"सगुणाकाकी, हायेस का घरात?"

"हाय की! जाऊ कुटं?"

मग बहिरू बंडीच्या खिशातनं पेन्सिल काढायचा, जिभेला लावायचा आणि वहीत लिहायचा, 'ओ दिली.'

नवख्या माणसाला वाटावं, काय माया आहे पुतण्याची! पण ही माया नव्हती, सरकारी हुकूम होता. बावीस साली मुळशीला धरण होत होतं, तेव्हा सतरा वर्षांची सगुणा चार बायांबरोबर कामावरच्या रुळांवर जाऊन बसली आणि उठेना. उचलून नेली, तीन महिने आत ठेवली. धरण झालंच. तिच्या सासरचं गाव पाण्याखाली गेलं, आणि उरलंसुरलं घेऊन ती नवऱ्याबरोबर कोळवण खोऱ्यात कातळवाडीला आली. तिच्या मागोमाग पाळतीची वहीही आली. रोज सांजेला हाक मारायची, ओ आली का लिहायचं, आणि गावाबाहेर मुक्कामाला जायचं तर आधी पोलीस ठाण्याचा परवाना.

आधी बहिरूचा बाप हाक मारायचा. तो गेला. पाटीलकीबरोबर हाकही बहिरूच्या वाट्याला आली. मधल्या काळात सगुणाबाईचा नवराही गेला, इंग्रजही गेला. चावडीवरचं झेंड्याचं कापड बदललं. वही तेवढी होती तिथंच राहिली. एक भरली की दुसरी यायची, अगदी वेळेवर. रस्ता, दवाखाना, विहीर, काही म्हणून वेळेवर आलं नाही; वही मात्र कधी चुकली नाही.

सगुणाबाईनं छत्तीस वर्षं ओ दिली. तापात दिली, नवऱ्याचं प्रेत दारात होतं त्या सांजेलाही दिली. पण दोन वर्षांमागं मारुंजीला तिची थोरली बहीण साळू अंथरुणाला खिळली. सगुणाबाईनं परवाना मागितला. साळूनं वाट बघितली, सरकारनं विचार केला. परवाना आला तेव्हा साळूचं तेरावंसुद्धा उरकलं होतं. बहिरूनं कागद आणून दिला तेव्हा तिनं तो घडी घालून आढ्याला खोचून ठेवला.

आता अठ्ठावन्न साल होतं, भाताची झोडणी संपत आली होती, आणि घोटावड्याला दिलेली लेक चंद्रा हिचे दिवस भरत आले होते. चंद्राला सासू नव्हती. निरोप आला, "आये, तूच ये."

त्या सांजेला सगुणाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. बहिरू आला.

"सगुणाकाकी, हायेस का घरात?"

सगुणाबाईनं एक खडा वेचून फेकला. तो बहिरूच्या वहाणेपाशी पडला.

"काकी, हायेस का?"

"बहिऱ्या, तुज्या बायकूचा खोकला कसा हाय?"

"बरा हाय. म्हंजी ओ दिलीस, असं लिवू?"

"खोकल्याचं इचारलं. ओ न्हाई दिली."

बहिरूची पेन्सिल जिभेवरच राहिली. "अगं, पर तू समोर बसलीयास!"

"मग तसं लिव. समोर बसलीया."

"त्येला रकाना न्हाई."

"आखून घे."

"सरकारच्या छापील वहीत मी रकाना आखू? पाटीलकी जाईल माजी!" बहिरू ओट्याला टेकला. "काकी, ल्हानपनी माजं नाक पुसलंस तू. आता कशाला कापतीस? एक ओ दे. बारीकशी दे."

"न्हाई. साळू गेली तवा मी परवान्याची वाट बघत बसले. चंद्रापायी न्हाई बसायची. शुक्रवारच्या येष्टीनं जानार. इचारून न्हाई, सांगून. तू हाक मार, त्ये तुजं काम. ओ न देनं, त्ये माजं."

बहिरूला लिहिता यायचं, पण खोटं लिहिता यायचं नाही. पोलीसपाटलात हा दोष वाईट. त्यानं लिहिलं, 'ओ दिली नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर छापलेलंच होतं : तीन दिवस ओ न आल्यास इसम फरार समजावा व ठाण्यास कळवावे.

त्या वर्षी मराठी राज्याची चळवळ जोरात होती. ठाण्याला बोलणाऱ्या माणसाची भीती वाटायचीच, पण न बोलणाऱ्याची जास्त. फरार म्हटल्यावर ठाण्यानं हात झटकले नाहीत. शुक्रवारी सकाळी सरकारी जीप कातळवाडीत शिरली. तिच्यात वाल्मीक हवालदार, दोन शिपाई आणि बावीस सालचा एक पिवळा कागद.

सगुणाबाई अंगणात गाठोडं बांधत होती. बाळंतविडा, डिंक, जुनेर.

"आजी, फरार सगुणा इथंच राहायची ना?" हवालदारानं विचारलं.

"हितंच ऱ्हाती. मीच ती."

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. मोठ्यानं वाचलं, "वय सतरा. बांधा सडपातळ. केस काळेभोर, लांब. चाल चपळ." पुन्हा तिच्याकडं बघितलं. "आजी, सरकारी कामात चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई. डाव्या गालावर तीळ लिवलाय का बगा."

"लिहिलाय. पण तीळ काय, माझ्या सासूलाही आहे."

"मग धरा सासूला."

शिपाई हसले. हवालदारानं त्यांच्याकडं असं बघितलं की हसू घशातच वाळलं. त्यानं बहिरूला पुढं ओढलं. "पाटील, ही बाई कोण?"

बहिरू पेचात पडला. सगुणा म्हणावं तर ती अंगणात आहे, मग फरार का लिहिली? नाही म्हणावं तर समोर उभी आहे. त्यानं डोळे मिटले आणि त्याला खात्रीनं ठाऊक असलेली एकच गोष्ट सांगितली.

"ही... आमची काकी."

"बघा!" हवालदार म्हणाला. "रोज हाक मारणारा माणूस सांगतोय. छत्तीस वर्षं पाळत आहे, कागद कसा चुकेल?" मग आवाज मऊ करून सगुणाबाईला म्हणाला, "आजी, ती फरार पोरगी कुठं जाईल, काही अंदाज?"

"अंदाज कशाला? घोटावड्याला जानार, लेकीकडं."

"सतराव्या वर्षी लेक?" हवालदार पुटपुटला. पण पुढं म्हणाला, "तुम्ही ओळखाल तिला?"

"बरी वळकते."

"मग चला. ओळख पटवायला माणूस लागतोच."

"हवालदार, मी तुमाला दोनदा सांगिटलं, मीच सगुणा. आता तिसऱ्यांदा सांगते. मागनं म्हनू नगा, म्हातारीनं फशिवलं."

"बसा हो, आजी. ती एसटीनं पोचायच्या आत गाठायचीय."

अशी सगुणाबाई स्वतःला पकडायला निघाली. पुढच्या सीटवर, मांडीवर गाठोडं. ओढ्यात जीप रुतली तेव्हा हवालदार आणि शिपाई गुडघाभर चिखलात उतरून ढकलू लागले. सगुणाबाई उतरायला लागली तर हवालदार ओरडला, "तुम्ही बसा! साक्षीदाराला काही झालं तर जबाबदारी आमची!" मागं वळून ती म्हणाली, "उजवीकडनं जोर लावा. डावीकडनं निस्तेच वराडताय." जीप निघाली.

घोटावड्यात जीप दारात थांबली तेव्हा जावई अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि आतून कण्हणं ऐकू येत होतं. सगुणाबाई उतरते न उतरते तोच आतून हाक आली, "आये! आलीस का गं?"

"आले! आले गं बाई!"

छत्तीस वर्षांत तिनं इतक्या जोरात ओ दिली नव्हती. हवालदारानं ती ऐकली. तीळ बघितला. कागद बघितला. आणि चिखलानं भरलेल्या पायांनी मटकन ओट्यावर बसला.

पण बसायला सवड कुठली! सगुणाबाईनं दारातूनच हुकूम सोडले. "ए लंबू, सरपान फोड. तू रं, पानी आन आडावरनं, दोन घागरी. हवालदार, चुलीम्होरं बसा, जाळ इझू देऊ नगा." आणि सरकार कामाला लागलं. हुकूम कुणाचा हे न बघता पाळायची सवय सरकारच्या माणसांना असतेच. तिचा एवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता.

ऊन कलायच्या आत चंद्राला मुलगी झाली. धुरानं डोळे लाल झालेल्या हवालदाराच्या हातावर जावयानं गूळ ठेवला. सगुणाबाई हात धुऊन बाहेर आली आणि समोर बसली.

"हां. लिवा आता."

"काय लिहू?" हवालदार रडकुंडीला आला होता. "फरार बाईला सरकारी जीपमधनं तिला जायचं होतं तिथं पोचवली, असं लिहू? माझी दंडावरची पट्टी जाईल." तो जवळ सरकला. "आजी, एक तोड आहे. मी लिहितो, सदर वर्णनाची सगुणा शोधूनही सापडत नाही, बहुधा मयत. वही बंद होईल. उद्यापासनं कुणी हाक मारणार नाही. तुम्ही मोकळ्या, मीही मोकळा."

जावयाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "आत्याबाई, झालं की काम!"

सगुणाबाईनं कागदाकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. पण त्यात काळ्याभोर केसांची, चपळ चालीची एक पोर आहे, हे तिला आता ठाऊक होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"ती मेली न्हाई. रुळावर बसली ती मीच, आन आज बी बसंन. मी काय चोरी केली का, मेल्याचं सोंग घेऊन सुटाया? लिवा, सगुणा जिती हाय. घोटावड्याला लेकीकडं हाय. परवाना मागिटला न्हाई, म्होरं बी मागनार न्हाई. ओ देनार न्हाई. पायजे तर न्या आत. पर बारा दिसांनी न्या, आंघुळ घालायची हाय पोरीला."

"असं लिहिलं तर वही चालूच राहील, आजी."

"ऱ्हाऊ दे. वही तुमची. ओ माजी हाय."

हवालदारानं सुस्कारा सोडला आणि लिहिलं. जसं सांगितलं तसं, शब्दाला शब्द. तिनं ते त्याच्याकडनं दोनदा वाचून घेतलं, मग अंगठा दिला. जीपचं मात्र त्यानं काही लिहिलं नाही, आणि तिनंही आग्रह धरला नाही.

तो कागद वर गेला. वर म्हणजे कुठं, ते वरच्यांनाही ठाऊक नसावं, कारण बारा दिवस झाले, महिना झाला, कुणी न्यायला आलं नाही आणि वहीही बंद झाली नाही. सगुणाबाई बारशानंतर एसटीनं कातळवाडीला परतली.

सांजेला बहिरू अंगणात आला. वही उघडली. तोंड उघडलं. तिच्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मग ओट्यावर बसून, पेन्सिल जिभेला लावून, ओ आली का याच्या रकान्यात त्यानं सावकाश लिहिलं.

"काय लिवलंस रं?"

"हाक मारली न्हाई," बहिरू म्हणाला. "आता ओ न्हाई म्हनून तुला कसं धरत्यात बघू."

"आन तुला धरलं तर?"

बहिरूनं वही मिटली. "तर मी बी ओ देनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. नवी वही आली, वेळेवर. तीही तशीच भरत गेली.

माघात एका सकाळी सगुणाबाई डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन निघाली. चावडीपाशी बहिरू दात घासत बसला होता. सवयीनं तो बोलून गेला, "काकी, लांब निगालीस का?"

 सगुणाबाई थांबली, वळली.

"कोन इचारतंय? तू का सरकार?"

बहिरूनं राखुंडी थुंकली. "मी गं. बहिऱ्या."

"मग सांगते," सगुणाबाई म्हणाली. "मारुंजीला. साळूच्या घरी. दोन वर्सं झाली, जायाचं ऱ्हायलंय."

आणि ती निघाली. चाल कागदात लिहिली होती तशीच, चपळ.