बुधवारची सोडचिठ्ठी

“नखं परत घासा, बाई. अजून पांढरं दिसतंय,” धर्मपंचायतीचा लेखनिक म्हणाला.

ती तिसऱ्यांदा बेसिनकडे गेली. अठरा वर्षं इस्पितळात लोकांच्या मोडक्या हातापायांना प्लास्टर घालणाऱ्या बाईच्या नखांत प्लास्टर नाही तर काय अत्तर असणार? पण नियम म्हणजे नियम. कागद आणि तळहात यांच्यामध्ये काही नको. अंगठी नको, धूळही नको.

“घास बाई, घास,” थोरली बहीण पुटपुटली. “चार वर्षं मेल्याच्या नाकदुऱ्या काढल्या, आता नखांवर अडायला नको.”

कोर्टाने घटस्फोट देऊन चार वर्षं झाली होती. मुलीचे वारही वाटून झाले होते: बुधवार आणि एकाआड एक रविवार बापाचा, बाकी आईचे. पण ही माणसं ज्यू. त्यांच्यात नवऱ्याने स्वखुशीने सोडचिठ्ठी हातात दिल्याशिवाय बायको सुटत नाही. कोर्टाचा कागद कपाटात आणि बाई खुंट्याला! ज्याच्या तावडीतून सुटायचं, त्याचीच खुशी. हा न्याय ज्याने काढला, त्याला कुणी कधी चार वर्षं ताटकळत ठेवलं नसणार. एका भल्या माणसाने तिच्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी दुसरीकडे लग्न करून टाकलं. त्याला तरी काय बोलणार?

आज नवरा आला होता, कारण आता त्यालाच दुसरं लग्न करायचं होतं.

टेबलामागे तीन पंच बसले होते. सकाळपासून पिसाच्या लेखणीने लिहिलेल्या सोडचिठ्ठीच्या बारा ओळी वाळल्या होत्या. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं.

“स्वखुशीने देता ना? काही अट नाही?” थोरल्या पंचांनी विचारलं.

नवऱ्याने घसा खाकरला. मोटारी विकणारा माणूस. भाव करायची वेळ बरोबर ओळखायचा. “एक छोटीशी आहे. मुलगी आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे. हिने इथेच कबूल करावं.”

“अट घालून मी देऊ देणार नाही,” थोरले पंच म्हणाले.

“मग राहिलं.” त्याने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या.

“हो म्हण,” बहीण कानाशी लागली. “आधी कागद पदरात पाडून घे. पोरीचं मग बघू कोर्टात.”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. चार वर्षांचं ‘हो’. तिची नजर घड्याळावर गेली.

“बरं,” ती म्हणाली. “चार दिवस तुझे. आजपासून.”

“आजपासून?”

“आज बुधवार. तसाही तुझाच वार. तीनला शाळा सुटते. ती पळत येते, तिला धाप लागते. दम्याचा पंप दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात आहे. चारला दातांचा डॉक्टर. तार घट्ट करताना रडते, हात धरून बसावं लागतं. मग गणित. अपूर्णांक चालू आहेत. येतात तुला?”

“आज कसं जमेल? साडेतीनला गिऱ्हाईक यायचंय.”

“उद्या घे.”

“उद्या नव्या गाड्या उतरणार...” तो मध्येच थांबला.

एका पंचांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. थोरले मात्र हसले नाहीत. “आमचा काही आग्रह नाही. नको असेल तर आपण सगळेच उठू.”

“नको देऊस,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “आणखी चार वर्षं बसेन. पण माझी पोर म्हणजे तुझ्या गाडीवरची सूट नव्हे. आधी तुझा बुधवार सांभाळ!”

त्याच्या खिशातला फोन वाजला. होणाऱ्या बायकोचा असावा. त्याने पाहिला, बंद केला आणि किल्ल्या खाली ठेवल्या.

“अट नाही.”

“स्वखुशीने?”

“स्वखुशीने.”

“दोन्ही हात पुढे,” पंच तिला म्हणाले. “ओंजळ करा. आपणहून घ्यायला जायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत बोटं मिटायची नाहीत.”

निखळलेली हाडं ओढून जागेवर बसवणाऱ्या हातांची तिने ओंजळ केली. नवऱ्याने वरून कागद सोडला. बँडेजच्या गुंडाळीहून हलका.

“मिटा.”

तिने मिटली. सांगितल्याप्रमाणे कागद काखेत धरून ती दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. लेखनिकाने तोच कागद, पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून, कातरीने छेदून कपाटात ठेवला. एवढ्यासाठी चार वर्षं!

“आजपासून ब्याण्णव दिवसांनी तुम्ही लग्न करू शकता,” पंच म्हणाले.

“त्याआधी मला शाळेत जायचंय.”

दोन चाळीस. बहीण मिठी मारायला पुढे आली तोवर ही जिन्यात होती. रस्त्यावर ती पळाली, चक्क पळाली, चाळिशीची बाई, अंबाडा सुटलेला, आणि एकटीच मोठ्याने हसत होती. लोक बाजूला होत होते. होऊ देत.

तीन वाजून सात मिनिटांनी ती फाटकाशी पोचली. पोर रखवालदाराच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती.

“आज बाबांचा वार ना?”

“हो.”

“विसरले?”

“गिऱ्हाईक यायचंय त्यांचं.”

पोरीने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू एवढी का धापा टाकतेस? पंप देऊ?”

“पंप नको. दप्तर दे.”

तिने दोन्ही हात पुढे केले. पोरीने पट्ट्याला धरून दप्तर गरकन फिरवलं आणि सोडून दिलं. वह्या, डबा, बाटली, सगळं वजन धपकन ओंजळीत आलं. बोटं कधी मिटायची, ते तिने कुणाला विचारलं नाही.