समुद्र कधी भरतो

आमच्या नागापूर एमआयडीसीच्या कारखान्यातल्या आम्हा पाच जणांपैकी कुणीही अजून समुद्रात पाय बुडवलेला नाही. पण कयाकच्या सहलीचा बेत असा आखला, जणू कोकण म्हणजे आमच्या मामाचंच गाव. दोघांनी वल्हवायची एक चिंचोळी होडी, अशा तीन कयाक ठरवल्या आणि एक जागा उरली. ती मी माझ्या वडिलांसाठी, तात्यांसाठी, धरून ठेवली होती. ते नाही म्हणतील याची धास्ती होती.

तात्या बारा वर्षांचे असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तेव्हापासून घर इथेच, नेवासा तालुक्यात, पाण्याच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात ते काकडी लावतात, पण होडीत म्हणून कधी बसले नाहीत. पाण्याशी त्यांचा पन्नास वर्षांचा अबोला आहे.

त्या रविवारी सगळे आमच्या कांदाचाळीच्या सावलीत जमले. दुपार इतकी निवांत होती, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठून सुरू होतं तेच कळेना. मलाही बसल्याबसल्या तरंगल्यासारखं वाटत होतं. आमचा म्होरक्या अंगद मोबाईलवरच्या एका खाडीच्या फोटोवर बोट ठेवून मला म्हणाला, "कयाक इथूनच उतरवू. पार पायरीला पानी लागलंय बघ, रेश्मा. दिवाळीनंतर जाऊ, तवर समुद्र गच्च भरलेला आसन."

आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. आमचं धरण दिवाळीला भरलेलं असतं, उन्हाळ्यात उतरतं. समुद्राने वेगळं का वागावं? भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती, पण ती पेपरात लिहून मोकळे झालो होतो.

सुतळी वळत बसलेल्या तात्यांनी मान वर केली. "पानी उतरल्यावर तिथं खाली काय हाय? मुरूम का गाळ? गाळ आसला तं मांडीपर्यंत रुतशान."

आमच्यातल्या सुकन्याने तिथल्या कयाकवाल्याला फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला. वर दिवाळीचंही सांगितलं. तो इतका हसला, की फोन स्पीकरवर टाकल्याचा आम्हाला पश्चात्ताप झाला. "अहो ताई, दिवाळीचं काय घेऊन बसलात? समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा उतरतो. त्या पायरीपुढे ओहोटीला नुसता चिखल असतो. पलीकडच्या वाळूवर या, तिथून उतरवू."

जागा बदलली. अंगदला आम्ही मनसोक्त चिडवून घेतलं. तात्या मात्र हसले नाहीत.

"दिसातून दोनदा?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय, तात्या."

"रोज?"

"रोज."

"म्हंजी घेतलेली जमीन रोजच्या रोज परत देतो त्यो?"

एका दुष्काळी साली बुडालेल्या गावच्या देवळाचा चौथरा दिसेल म्हणून तात्या पूर्ण उन्हाळा काठावर उभे राहिले होते. चौथरा वर आलाच नाही, आधी पाऊस आला. तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवून माझे डोळे भरून आले.

सुतळी खाली ठेवून ते म्हणाले, "पानी उतरायच्या येळंला ने मला. आदी त्या जमिनीवर चालंन. मंग माझ्या डोळ्यांदेखत पानी परत आलं, तरी राग न्हाई यायचा. तवा बसंन तुझ्या नावंत."