गोलकीपरची हाक

कॉर्नरवरून आलेला चेंडू हवेत असतानाच केनेउवेनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्यापुढं उभ्या असलेल्या बचावपटूच्या पाठीमागून पाहुण्या संघाची एक उंच मुलगी हळूच आत घुसत होती. गोलमधून ती स्पष्ट दिसत होती, बचावपटूला दिसत नव्हती.

"ए! ए चार नंबर! मागं बघ!"

चार नंबरवाली हलली नाही. चेंडू उंच मुलीच्या डोक्याला लागून जाळ्यात गेला.

"माझं नाव विसरलीस होय?" चार नंबरवाली कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभी राहिली. "इतकी वर्षं कात्लेहो, कात्लेहो म्हणून माझे कान किटवलेस. आज चार नंबर? मी काय बस आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

कसं ते सांगायचं तर तेच नाव तोंडातून काढावं लागलं असतं. केनेउवेनं वाकून जाळ्यातला चेंडू उचलला.

यंदाच्या थंडीत तिचं लग्न झालं. सासरी मेंढी कापली, तिच्या खांद्यावर ब्लँकेट घातलं आणि नवं नाव दिलं, मालितेबोहो, म्हणजे लितेबोहोची आई. लितेबोहोचा अजून पत्ता नव्हता, पण आई तयार झाली होती. नावामागोमाग सुनेचा नियमही आला. सासऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, घरात नाही, रानात नाही, झोपेत बरळतानासुद्धा नाही. आणि सासऱ्याचं नाव कात्लेहो. आमच्याकडं हे नाव मुलालाही चालतं, मुलीलाही. ठेवणाऱ्यानं पुढं कोण कुणाची सून होईल आणि कोण कुणाच्या गोलपुढं उभी राहील याचा विचार केलेला नसतो.

सरावात तिनं 'ए' आणि 'अगं'वर भागवून नेलं होतं. सामन्यात ते चालत नाही. गर्दीच्या आरड्याओरड्यात माणसाचे कान फक्त स्वतःचं नाव तेवढं वेचून घेतात. त्यात आज खुद्द सासरेबुवा प्रेक्षकांत बसले होते, अंगावर ब्लँकेट, डोक्यावर गवती टोपी. सुनेचा खेळ बघायला ते कधी आले नव्हते. आजच का आले? कौतुकानं, की पहारा द्यायला? केनेउवेला काही केल्या कळत नव्हतं.

मध्यंतरात कोच मोलिएहीनं तिला बाजूला घेतलं.

"तुला मागून सगळं दिसतं, म्हणून तू गोलमध्ये आहेस. दिसलेलं सांगायचंच नसेल, तर मी तिथं खांब उभा करते. परतीच्या सामन्याला विमानानं जायचंय. मुकी गोलकीपर मी नेणार नाही."

शाळेत असल्यापासून केनेउवे देशाच्या गोलमध्ये उभी राहत होती. ते सोडून तिला दुसरं काहीच नको होतं. उत्तरार्धात तिनं जिवाच्या आकांतानं झेपा घेतल्या, कोपरं सोलून घेतली, पण ते नाव दर वेळी ओठांशी येऊन परत फिरलं. त्या एकाच गोलनं संघ हरला.

घरी जाताना टॅक्सीत म्हातारा सासरा खिडकीबाहेर बघत राहिला.

"न्ताते, पाणी देऊ?" आमच्याकडं वडिलांना न्ताते म्हणतात, सासऱ्यालाही.

"नको."

रागावलेत की दमलेत? तिला रडू येत होतं आणि कशाचं ते नेमकं सांगता आलं नसतं.

घरी सासू चुलीवर पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, घाटत होती. तिनं सुनेला काही विचारलं नाही, नवऱ्यालाच विचारलं.

"घेतलं का हिनं?"

"काय?"

"तेच. लोकांसमोर."

म्हाताऱ्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. "एकदाही नाही."

"बघा! पोर वळणाची आहे, मी म्हटलंच होतं."

"म्हणून हरलो," म्हातारा म्हणाला.

सासूचा हात थांबला. माफी मागावी की गप्प बसावं, हे न सुचल्यामुळं केनेउवे हात धुवायचं पाणी घेऊन त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली. त्यानं हात पुढं केले नाहीत.

"मी खाणीत होतो. तिथं वरचं छत खाली येतं ना, तेव्हा कुणी 'अहो' म्हणत नाही. नाव घेऊन बोंबलतात. म्हणून मी तुमच्यापुढं जिवंत बसलोय."

"खाणीचं वेगळं," सासू म्हणाली. "तिथं सुना नव्हत्या."

म्हातारा उठला आणि अंगणात गेला. गुरांच्या गोठ्याची दगडी भिंत आहे, तिथं जाऊन तो घराकडं पाठ करून उभा राहिला.

"सूनबाई, बाहेर ये. मी तुझी चार नंबर. माझ्यामागून ती उंच पोरगी येतेय. मला दिसत नाही. मार हाक."

"न्ताते, मला नाही जमायचं."

"नावानं हाक मारणारे माझे सगळे सोबती वर गेले," तो गुरांकडं बघत म्हणाला. "शेवटी शेवटी आई मारायची. तीही गेली."

केनेउवेनं वळून दाराकडं पाहिलं. सासू उंबऱ्यात उभी होती. ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही कानांवरून नीट ओढून घेतला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.

केनेउवेनं हाक मारली. चर्चमध्ये बोलावं तेवढाच आवाज निघाला. एका गाईनं मान वर केली. म्हातारा वळला नाही.

"ऐकू नाही आलं," तो पाठमोराच म्हणाला. "इथं सगळं स्टेडियम ओरडतंय."