जॉबरची रंगीत तालीम

दरीतली वाट गोल होती. फाटकातून डाव्या हाताने उतरायचं, झाडीतून तीन धबधबे बघायचे आणि उजवीकडची चढण चढून पुन्हा त्याच फाटकाशी यायचं. सगळा मिळून दीड तासाचा मामला. तेवढ्या वेळात जॉबरला एक प्रश्न विचारायचा होता. कापडाच्या कारखान्यातले बिघडलेले माग बत्तीस वर्षं ताळ्यावर आणणारा हा माणूस. पण प्रश्न लग्नाचा होता आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

सोबत विणकरबाई होत्या. त्याच कारखान्यात चार माग सांभाळलेल्या, आता त्याच्यासारख्याच निवृत्त आणि एकट्या. येत्या सोमवारी त्या लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. त्या गेल्या तर आपलं कसं होणार, या विचाराने जॉबरला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

पहिल्या धबधब्याशी त्याने घसा खाकरला आणि "शेवाळ फार आहे, जपून," एवढंच म्हणाला. दुसऱ्यापाशी कठड्याचा एक बोल्ट ढिला दिसला. मग काय, स्वारी दहा मिनिटं बोल्टवरच बोलली.

"झालं बोल्टचं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"मग चला. अजून एक धबधबा शिल्लक आहे हो."

तिसरा धबधबा सगळ्यांत मोठा, कानठळ्या बसवणारा. बाई फोटो काढायला फळ्यांच्या पुलावरून पलीकडे गेल्या. ही संधी साधून जॉबरने रंगीत तालीम सुरू केली, तीही मोठ्याने. या गदारोळात ऐकतंय कोण?

"बाई, माझ्याशी लग्न करा. छे, हा तर हुकूम झाला. कराल का? सकाळचा चहा मी करीन. घोरतो, पण अगदी थोडा."

त्याने मान वर केली. पलीकडे बाई फोन खाली घेऊन त्याच्याकडेच बघत होत्या. आता कुठे जॉबरच्या डोक्यात प्रकाश पडला. मागांच्या खडखडाटात कारखान्यात कुणीच कधी कानांनी ऐकलं नव्हतं. सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. आणि बाई तर त्यात पटाईत.

त्यांचे ओठ हलले. 'घोरण्याचं खरं सांगा.'

'बरंच,' जॉबरचे ओठ म्हणाले.

बाई पोट धरून हसल्या. मग पूल ओलांडून आल्या आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, "सोमवारी मी जाणार आहेच."

जॉबरचा चेहरा पडला.

"अहो, लेकीला हे समोर बसून सांगायला नको? तुम्हीही यायचं, आणि तुम्हीच सांगायचं. तिला ओठ वाचता येत नाहीत. तिथे आवाज काढावा लागेल."

उरलेली चढण जॉबर धापा टाकत, मोठमोठ्याने तेच वाक्य म्हणत चढला. आणि शेजारून चालणाऱ्या बाई दर वळणावर म्हणत होत्या, "नीट ऐकू नाही आलं. परत सांगा."